चिंचोक्यांचा डाव

दिवाळीत पत्ते खेळणे हे आमच्या घरी व्यसन समजले जात नाही. तो एक कुळाचार आहे. लक्ष्मीपूजन आटोपले, लाह्या-बत्तासे वाटून झाले, की ओसरीवर सतरंजी पडते आणि आजोबांच्या वेळचा एक पत्र्याचा डबा बाहेर निघतो. त्यात पत्त्यांचा एक कॅट आणि पायलीभर चिंचोके असतात. या सतरंजीवर पैसा कधी आलेला नाही. हा नियम आमच्या आजीचा. तिच्या माहेरची एक चांगली पिकती बांधी पोळ्याच्या जुगारात गेली होती. ती बांधी कोणी घालवली हे तिने आम्हांला मरेपर्यंत सांगितले नाही. मात्र चिंचोके मोजून द्यायला ती कधी चुकली नाही.

तीनपत्ती मी याच सतरंजीवर शिकलो. चाल करणे दोन मिनिटांत आले, 'ब्लाइंड' खेळण्याची फुशारकी त्याहून लवकर आली. पण पॅक करणे काही केल्या येईना. हातात दुर्री, पंजा आणि सत्ता; तरी वाटायचे, आणखी एक चाल पाहू. आजी म्हणे, "पोट्ट्या, पत्ते टाकाले बी छाती लागते." पुढे मी शाळेत पोरांना गणित शिकवू लागलो तेव्हा तिच्या म्हणण्याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. त्यांत एकासारखे एक असे तीन पत्ते येणारे हात फक्त ५२, म्हणजे सव्वाचारशेंत एक. आणि जोडसुद्धा नाही, रंग नाही, क्रम नाही, असे रिकामे हात शंभरात चौऱ्याहत्तर. साहेबाच्या पोकरमध्ये पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात. पण धडा तोच. खेळाडूच्या आयुष्यातला बहुतेक वेळ पत्ते टाकण्यातच जायला हवा. तो जात नाही, म्हणून जुगारी उत्पन्न होतात.

हे सारे आठवायचे कारण माझा पुतण्या.

आमचे आंबागड तुमसर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर किल्ला आहे. सुमारे १७०० साली देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. किल्ल्याखाली धानाच्या बांध्या, त्यांतल्या तीन एकर आमच्या. त्या माझा थोरला भाऊ करतो. मी मॅट्रिकच्या शिदोरीवर एका लहानशा शाळेत मास्तर झालो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दोघांपैकी कामाचा माणूस तो. त्याचा मुलगा नागपूरला शिकायला ठेवलेला.

हा मुलगा २०२५ च्या राखीपौर्णिमेला घरी आला तो तोंड उतरवून. संध्याकाळी मला किल्ल्याच्या वाटेवर घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, बाबांना सांगू नका." वर्षाच्या फीचे बावीस हजार रुपये त्याने फोनवरच्या एका खेळात घालवले होते.

"पत्ते?" मी विचारले.

"पत्ते नाही काका. मत." त्याने मला समजावून सांगितले. फोनवर प्रश्न येतो. अमुक संघ आज जिंकेल काय? सोन्याचा भाव संध्याकाळपर्यंत वर जाईल काय? 'हो' आणि 'नाही' अशा दोन चिठ्ठ्या विकायला असतात. दोहोंची किंमत मिळून दहा रुपये. 'हो' सात रुपयांना असेल तर 'नाही' तीन रुपयांना. तुमचे उत्तर खरे ठरले तर चिठ्ठीचे दहा रुपये मिळतात, खोटे ठरले तर शून्य. आणि निकाल लागायच्या आधी चिठ्ठी दुसऱ्याला विकताही येते.

मला पहिल्याने राग यायला हवा होता. पण मास्तरकीची खोड वाईट, मला त्यातले गणित आवडले! 'हो' सात रुपयांना विकली जाते याचा अर्थ, बाजारातल्या लोकांच्या मते दहांत सात वेळा असे घडेल. म्हणजे पुष्कळ माणसांच्या अंदाजांचा जो गोळा होतो, तोच भाव. पुढे शोध घेता कळले की, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९८८ सालच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवर असाच एक लहान बाजार अभ्यासासाठी मांडला होता. लोक थोडेथोडे पैसे लावीत, आणि भावावरून निवडणुकीचा रंग दिसे. प्राध्यापकांचे ते जाळे पुढे धंदेवाल्यांच्या हाती आले आणि फोनमध्ये शिरले, एवढेच. पुतण्याने मला त्याविषयी सांगितल्यावर थोड्याच दिवसांत, म्हणजे त्याच ऑगस्ट महिन्यात, दिल्लीला नवा कायदा झाला. पैसे लावून खेळायचे सारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, त्याने बंद केले. पुतण्याच्या फोनवरचे दुकानही मिटले. पण गेलेले बावीस हजार कायद्याने परत येत नाहीत.

हे दुकान नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या मुंबईने हा प्रयोग फार पूर्वी केलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या भावांच्या आकड्यांवर गिरणगावातला कामगार पैसे लावी. कापूस पिकवणारा कोण, विणणारा कोण, याच्याशी त्या आकड्याचे नाते नव्हते. १९६१ च्या सुमारास हे भाव येणे बंद पडले, तेव्हा आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून काढू लागले. म्हणून तो मटका. पुढे मडके नावापुरते उरले आणि पत्त्यांच्या कॅटमधून तीन पत्ते काढून आकडा ठरू लागला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजारातले शब्द मात्र तसेच राहिले. म्हणजे त्या वेळी बाजार पत्त्यांत आला होता. आता पत्ते पुन्हा बाजारात गेले आहेत.

मुंबईचा १८८७ चा जुगारबंदीचा कायदा या दृष्टीने मोठा वाचनीय आहे. जुगाराचा अड्डा कशाला म्हणावे याची यादी त्यात दिली आहे. कापसाच्या भावावर किंवा त्या भावाच्या आकड्यांवर, शेअरच्या भावावर, पाऊस पडण्या-न-पडण्यावर, किती पडला त्यावर, आणि पत्त्यांवरच्या चित्रांवर व आकड्यांवर. कापूस, पाऊस आणि पत्ते एका पंक्तीला बसवणारा असा ग्रंथ दुसरा नसेल! याच कायद्यात आणखी एक कलम आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला यातले काही लागू नाही. मग प्रत्येक जुगारी स्वतःला कौशल्यवान समजतो यात त्याचा काय दोष?

पुतण्याचे गुपित मी पोटात ठेवले. फीची काहीतरी तजवीज केली. एका कादंबरीचे मानधन त्यात गेले. पण मनातून एक गोष्ट जाईना. हा मुलगा पत्त्यांत इतका शहाणा, आजीच्या सतरंजीवर वाढलेला. मग इथे त्याला पत्ते टाकायचे का सुचले नाही? मी ठरवले की त्या दिवाळीला तोच बाजार आपल्या सतरंजीवर मांडायचा, चिंचोक्यांनी.

एक जुना कॅट घेतला आणि तीस पत्त्यांवर कागद चिकटवून त्यांवर तीस प्रश्न लिहिले. तुमसरची पहिली एस. टी. उद्या वेळेवर येईल काय? भाऊबीजेला जावईबापू येतील काय? चकलीचा डबा तीन दिवस पुरेल काय? कार्तिकी पौर्णिमेच्या आत आपल्या शिवारात पाऊस पडेल काय? प्रत्येकाला तीन पत्ते. पत्ता खरा ठरला तर दहा चिंचोके, तिन्ही खरे ठरले तर ट्रेल, म्हणजे वर पन्नास. चाल करायची, भाव बोलायचा, पत्ते विकायचे-घ्यायचे आणि पॅक करायचे, सारे तीनपत्तीसारखे. फरक एकच. शो सतरंजीवर व्हायचा नाही. तो बाहेर, जगात, आपल्या वेळेने होईल.

पहिल्याच रात्री गंमत कळली. तीनपत्तीत माझा पत्ता मला माहीत असतो आणि तुम्हांला नसतो. इथे पत्ता सर्वांना दिसतो, पण त्याचे उत्तर कोणालाच माहीत नसते. मग थाप मारायची ती कशाच्या जोरावर? पोकरमधल्या थापेचे गणित जॉन फॉन न्यूमन नावाच्या विद्वानाने १९४४ च्या आपल्या ग्रंथात मांडून दाखवले आहे. चांगल्या खेळाडूने मधूनमधून वाईट हातावरही जोर दाखवला पाहिजे, नाहीतर त्याचा चांगला हात सगळे ओळखतात. पण त्याला निदान हात असतो.

आमच्या पुतण्याने उत्तर शोधून काढले. जावईबापूंच्या पत्त्याचा भाव चार होता. हा उठून अंगणात गेला, फोन कानाला लावून हसून आला आणि काही न बोलता तो पत्ता पाचाला घेतला, मग दुसऱ्याकडचे वायदे सहाला, सातला. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. माझ्या पत्नीने आठ म्हटले. भाव चढला तसा त्याने हळूच सारे विकून टाकले. भाऊबीजेला जावईबापू आले नाहीत. फोनही कोणाचा आला नव्हता!

आई पान जुळवीत बसली होती. ती म्हणाली, "पत्त्यात लबाडी करनारा आपला पत्ता लपवते. यानं त जावईच लपवला."

सगळे हसले, पुतण्या मात्र एकदम गप्प झाला. रात्री डबा आवरताना म्हणाला, "काका, माझं असंच झालं होतं. भाव चढताना दिसला की वाटायचं, यांना काहीतरी ठाऊक आहे. मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांच्या मागे गेलो."

"आणि त्यांना?"

"त्यांनाही नसेल."

बावीस हजारांची फी देऊन तो जे शिकला ते या दोन शब्दांत होते. पत्त्यांच्या डावात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे हे कौशल्य आहे. कारण त्या तोंडामागे तीन पत्ते खरोखरच असतात. बाजारात दुसऱ्याच्या तोंडामागे पुष्कळदा आणखी एका दुसऱ्याचे तोंडच असते.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. चाल करण्यापूर्वी प्रत्येकाने आपला खरा अंदाज वहीत लिहायचा, दहांपैकी किती, आणि दुसऱ्याला दाखवायचा नाही. निकाल लागला की चुकीचा वर्ग करून दंड मांडायचा. पाऊस पडेल, दहांत सात, असे लिहिले आणि पडला, तर चूक तीनाची, दंड नऊ. नाही पडला तर चूक साताची, दंड एकोणपन्नास. काहीच ठाऊक नाही म्हणून पाच लिहिले तर काहीही होवो, दंड पंचवीस. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली पावसाचे अंदाज तपासायला असला हिशेब सुचवला. त्यात खुबी अशी की थाप मारून काही लाभत नाही. मनात असेल तेच लिहिणे शेवटी स्वस्त पडते. आठवड्याअखेर वहीत पहिली कोण आली असेल? आई. तिने निम्म्या प्रश्नांपुढे पाच लिहिले होते. "मले का मालूम?" असे ती प्रत्येक वेळी म्हणे. पॅक करण्याची आजीची विद्या तिच्या सुनेकडे गेली होती; आम्हा शिकलेल्यांकडे ती पोचली नव्हती.

राहिला पावसाचा पत्ता. दादा या सगळ्यात कुठेच नव्हता. दिवसभर धान कापून तो थकून येई आणि खांबाला टेकून आमची मजा पाही. हलके धान कापून झाले होते, आणि कडपा बांधीत वाळत पडल्या होत्या. त्या रात्री पावसाचा पत्ता पुतण्याच्या हाती होता. भाव तीन बोलला जात होता. मला एकदम युक्ती सुचली. म्हटले, दादाला हा बाजार पटवून देऊ.

"दादा, हा पत्ता खरा तू घ्यायला पाहिजे," मी म्हणालो. "पोरं घेतात तो जुगार. तू घेतलास तर तो विमा. पाऊस नाही आला तर तुझे तीन चिंचोके गेले, पण धान घरात आले. पाऊस आला तर धान भिजले, पण दहा चिंचोके हाती आले. एका हाताने गेले, दुसऱ्याने मिळाले."

हिशेब अगदी बरोबर होता. वर्गात मी असाच शिकवतो. दादाने पत्ता हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि सतरंजीवर ठेवून दिला.

"मास्तर, तुमी सगळे खेला. मी नाही खेलत," तो म्हणाला. "माही चाल जूनमंदीच झाली. पऱ्हे टाकले तवाच. रोवनी झाली, खत झालं, मजुरी झाली, सगळ्या चाली झाल्या. आता मले पॅक करता येते का?"

कोणी काही बोलले नाही. खेळ तिथेच मोडला.

मी रात्री बराच वेळ जागा होतो. आजीने ज्या विद्येला छाती म्हटले, जी शिकायला मला अर्धे आयुष्य लागले आणि पुतण्याला बावीस हजार, ती दादाच्या उपयोगाची नव्हती. आपण सतरंजीवरून उठू शकतो. म्हणूनच आपल्या खेळाला खेळ म्हणायचे. पुतण्या हवे तेव्हा फोन खाली ठेवू शकत होता आणि त्याने ठेवला नाही. दादाला ठेवायला खालीच नव्हती. कायद्याच्या त्या यादीत पावसावर पैज मारणारा जुगारी ठरवला आहे. पण दर जूनमध्ये सारे घर पावसावर लावणाऱ्या माणसाला कायद्याजवळ नाव नाही.

२८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मोंथा चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. आंबागडहून समुद्र शेकडो कोस दूर. पण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आभाळ भरले आणि तिन्हीसांजेला थेंब पडू लागले. दादा विळा-दोर घेऊन निघाला. मागे मी, वहिनी, पत्नी, मुली, सगळे कंदील आणि फोनचे दिवे घेऊन बांधीत. कडपा गोळा करायच्या, भारे बांधायचे, बांधावर उंच जागी पुंजणे रचून वरून ताडपत्री टाकायची. अर्ध्या वावरातले धान वाचले. उरलेले पाण्यात बसले. पुतण्या सगळ्यांत पुढे होता; गुडघ्याएवढ्या चिखलात भारे वाहत होता. मध्येच त्याच्या खिशातून काहीतरी पडले. मी दिवा धरला. तो पावसाचा पत्ता होता, भिजून शाई पसरलेला. दहा चिंचोक्यांचा खरा ठरलेला पत्ता! त्याने तो उचलला नाही.

बांधावर ताडपत्रीखाली दम घ्यायला बसलो तेव्हा तो बापाला म्हणाला, "बाबा, फीचे पैसे मी..."

"मालूम आहे," दादा म्हणाला. "खातं दोघाच्या नावाचं. पैसा निघाला का निरोप माह्याच फोनवर येते. मास्तरनं भरले तेबी मालूम आहे."

मी दोन महिने चेहरा सांभाळून बसलो होतो. दादाशी बोलताना विषय वळवत होतो, नजर चुकवत होतो, आणि आपण उत्तम थाप निभावली असे समजत होतो. तो सगळा वेळ आमचे पत्ते त्याच्यासमोर उघडे होते. आणि त्याने शो मागितला नव्हता.

"मग बोलला का नाहीस दादा?" मी विचारले.

"पोट्टा सांगल म्हनून वाट पाहत होतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सांगतलं ना. चला, त्या कोपऱ्यातल्या कडपा राहिल्या."

या वर्षीही लक्ष्मीपूजनाला डबा निघेल. प्रश्नांचे पत्ते मी नव्याने लिहून ठेवले आहेत, एस. टी. चे, चकलीचे, जावईबापूंचे. पावसाचा पत्ता लिहिलेला नाही. पुतण्या नागपुराहून आला की कापणीला बापाबरोबर जातो आणि संध्याकाळी हात धुऊन सतरंजीवर बसतो. परवा तो आईला विचारीत होता, "आजी, पाच कधी लिहायचे हे तुला कसे कळते?"

आई म्हणाली, "नाही कळत तवा लिहाचे."

चिंचोके मोजून पाहिले. गेल्या वर्षीपेक्षा सात कमी आहेत. चिंचेचे झाड दारात आहे. तेवढे भरून काढू.